फळाचा हिशेब कोणी ठेवावा?

१८९३ साली नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गोरा उतारू आणि नेटिव्ह ब्राह्मण यांच्यात त्या काळी जे अंतर राहात असे ते या प्रवासात राहिले नाही. संस्कृत काव्याचा विषय निघाला, त्यावरून बोलणे धर्माकडे वळले, आणि निरोप घेण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांनी त्याचे नाव विचारून घेतले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या प्रवाशाचे भाकीत मला नेहमीच थोडे खटकत आले आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात काय घडेल याची मुदत आपण कोण ठरवणार? परंतु त्याच्या वर्तनातील दुसरी गोष्ट मला त्या भाकिताहून मोठी वाटते. सांगायचे ते त्याने सांगितले, द्यायचे ते दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. पत्ता घेतला नाही, पाठपुरावा केला नाही, कोणत्याही वहीत टिळकांचे नाव लिहून ठेवले नाही.

ही हकीकत आज आठवण्याचे कारण व्यक्तिगत आहे. मी ख्रिस्ती आहे, अर्थशास्त्र शिकवतो आणि माझे बहुतेक सहकारी ख्रिस्ती नाहीत. प्राध्यापक-कक्षात गेली पंधरा वर्षे आमच्यात देव, दैव, वेतनश्रेणी आणि निवडणुका या सर्व विषयांवर चर्चा होत आली आहे. माझ्या श्रद्धेविषयी कोणी विचारले, तर मी आडपडदा न ठेवता सांगतो. काही दिवसांपूर्वी संस्कृत शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहा घेता घेता विचारले, "सर, एक खरे सांगा. आमच्यापैकी कोणीच ख्रिस्ती झाला नाही, तर आमच्याशी इतकी वर्षे बोललात ते वाया गेले असे तुम्हाला वाटेल का?" प्रश्नात उपहास नव्हता. तास भरल्याची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. तेव्हापासून ते मी शोधतो आहे.

अर्थशास्त्राच्या माणसाला फळ मोजण्याची सवय असते. किती गुंतवले, किती हाती आले, हा आमचा पहिला प्रश्न. मिशनरी संस्थांनाही तो चुकला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचीच तयारी चालली होती. त्यातून निभावून हॉल तेरा वर्षे राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरात राबला आणि १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला प्रचारदौऱ्यावर असताना पटकीने गेला. वय एक्केचाळीस. बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या हाच निकष लावला, तर या तेरा वर्षांच्या खात्यात जमेच्या बाजूला जवळजवळ काही नाही. बंगालमध्ये विल्यम केरीची तीच गत. तो १७९३ साली आला आणि कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरअखेर. सात वर्षे आणि एक माणूस! याच केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, हे मात्र आपण मराठी माणसांनी त्याच्या जमेस धरले पाहिजे.

आता याच मिशनच्या खात्यातील दुसरी एक नोंद पाहावी. १८२७ साली सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई मुलींना शिकवण्यासाठी मुंबईस आली आणि पुढे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) तिने मुलींच्या शाळा चालवल्या. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा उघडली. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांचे स्नेही. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. धर्मांतराच्या रकान्यात फॅरारबाईंपुढे या बाबतीत शून्यच पडते. त्या शून्यातून महाराष्ट्राच्या पदरात काय पडले ते शिक्षकांना तरी सांगण्याची गरज नाही. बीज एका रकान्यात पेरले गेले आणि उगवले भलत्याच रकान्यात. ते कोठे उगवावे हे पेरणाऱ्याला विचारले गेले नव्हते.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना नेमके हेच बजावले आहे. तेथे कोणी पौलाचा गट, कोणी अपुल्लोचा गट असे तट पडले होते. त्यावर तो म्हणतो की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाची. तेव्हा लावणारा आणि पाणी घालणारा यांनी मिरवू नये. येशूच्या दाखल्यातला शेतकरी तर बी टाकून झोपी जातो, उठतो, आणि ते कसे वाढले हे त्याला कळतही नाही. दुसऱ्या दाखल्यातले बी वाटेवर, खडकाळीवर, काटेरी झुडपांतही पडते. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने ही बियाण्याची उधळपट्टीच.

परंतु याहून बोलका प्रसंग धनिक तरुणाचा आहे. तो येशूकडे येतो, सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो, अट ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशूचे त्याच्यावर प्रेम होते असे मार्क स्पष्ट सांगतो. तरीही येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करीत नाही, निम्म्यावर सौदा करीत नाही. त्याला जाऊ देतो. सुवार्ता सांगणाऱ्याने देवावर सोडायचे ते हेच: समोरच्याचा नकार.

वाचकांना येथे गीतेतील निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य आहे, पण पुरते नाही. पौल फळाविषयी निरिच्छ नव्हता; आपले ज्ञातिबांधव ख्रिस्ताला मानीत नाहीत याचे त्याला अखंड दुःख होते आणि ते त्याने लपवले नाही. फळाची इच्छा धरायची, त्यासाठी प्रार्थना करायची, ते न आल्यास हळहळायचे आणि तरीही ते हिसकावून घ्यायचे नाही, अशी ही अवघड रीत आहे. उदासीनता त्या मानाने पुष्कळ सोपी. "फळ देवाच्या हाती" हे वाक्य आळशी पाळकांच्या तोंडी मी पुष्कळदा ऐकले आहे. आमच्या व्यवसायात निकाल खालावला की विद्यार्थ्यांच्या दर्जावर बोट ठेवतात, त्याच जातीचे ते समर्थन.

फळ हिसकावून घेण्याचा मोह सर्वांत बळावतो तो भुकेच्या काळी. धान्य वाटणाराच धर्म सांगू लागला, तर ऐकणाऱ्याच्या होकाराला किती अर्थ उरतो? यासंबंधी आजच्या आंध्र प्रदेशातील ओंगोलचा इतिहास विचार करण्यासारखा आहे. अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन १८३६ मध्ये सुरू झाले आणि ते इतके निष्फळ ठरले की ते बंद करावे की काय यावर १८५३ साली अमेरिकेतील त्यांच्या सभेत खल झाला. गुंतवणूक बुडीत म्हणून धंदा आवरण्याचाच तो विचार. मिशन कसेबसे टिकले. पुढे १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. ओंगोलचा मिशनरी जॉन क्लाऊ याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा काही मैलांचा मक्ता घेतला आणि उपाशी माणसांना काम व मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागू लागले. त्याने दिला नाही. पोटासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून वर्षाहून अधिक काळ त्याने बाप्तिस्मे थांबवून धरले. ज्या मिशनवर निष्फळतेचा शिक्का बसला होता, त्याच्या माणसाने दारी आलेले फळ घेण्याचे नाकारले, ही गोष्ट लहान नव्हे.

दुष्काळ ओसरल्यावर ३ जुलै १८७८ रोजी एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. प्रचारकी पुस्तके हा आकडा अभिमानाने देतात. मला त्याआधीचे रिकामे महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. थांबल्याने सगळा संशय फिटतो असेही नाही. उपकाराची आठवण मजुरी थांबल्याबरोबर पुसली जात नाही, आणि त्या लोकांत बहुसंख्य असलेल्या मादिगांना गावगाड्यातील अपमानातून सुटण्याची जी आस होती ती धान्याइतकीच खरी होती. तिला लोभ म्हणण्याचा अधिकार मात्र ज्यांनी तो अपमान केला त्यांना खासच नाही.

आपल्या घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म प्रकटपणे मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्णय दिला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालाने अनेक ख्रिस्ती लोक दुखावले, आणि त्याच्या आधाराने जे कायदे तगले त्यांच्या वापराविषयी माझ्याही मनात गंभीर शंका आहेत. कारण धर्म बदलू इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाला सरकारी कचेरीत जाऊन आपल्या अंतःकरणाचा खुलासा करावा लागणे हे कोणत्याच अर्थाने स्वातंत्र्य नव्हे. तथापि सांगणे माझे, बदलणे माझे नाही, एवढ्यापुरते पाहिले तर पौलाला त्या वाक्यात नवे काही सापडले नसते. मात्र त्याने लगेच पुढे विचारले असते की ज्याला बदलायचे आहे त्याच्या हक्काचे काय?

टिळकांच्या घरातच या प्रश्नाची कसोटी लागली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. ताटातूट, लोकनिंदा, अपार मनस्ताप हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच सांगितले आहे. त्या ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. मधल्या पाच वर्षांत टिळक काय काय करू शकले असते, हे त्या काळच्या नवऱ्याचे अधिकार ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच न घेतलेल्यांनाही. १९१९ साली ते वारले. मिशनच्या वार्षिक अहवालात त्या दरबारातल्या माणसांची गणना कोणत्या रकान्यात करावी, हा प्रश्न कारकुनांना पडला असता.

गेल्या आठवड्यात त्या सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणालो, "नाही सर, वाया गेले असे वाटणार नाही. पण तुम्ही यावे असे मला वाटत नाही, असे म्हणालो तर ते खोटे होईल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे बरे झाले. तुम्हाला काहीच वाटत नाही असे म्हणाला असता, तर मला वाईट वाटले असते." त्यानंतर परीक्षेच्या वेळापत्रकाचा विषय निघाला. आठ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून नव्या कराराची प्रत नेली आहे. ती त्यांनी परत केलेली नाही आणि मी मागितलेली नाही.