झीमान परिणाम

प्रकाशाचा उद्‌गम प्रबल चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता त्याच्या वर्णपटातील रेषा परस्परांच्या अगदी निकट असलेल्या अनेक घटकांत विभागल्या जातात. या आविष्काराला डच भौतिकीविज्ञ पीटर झीमान (१८६५–१९४३) यांच्या नावावरून झीमान परिणाम म्हणतात. विभाजन अत्यल्प असते. १ टेस्ला क्षेत्रात ५०० नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा मूळ स्थानापासून केवळ ०·०१२ नॅनोमीटरच्या आसपास सरकते.

शोध : प्रकाशाच्या उत्सर्जनावर चुंबकत्वाचा परिणाम होतो की काय, हे मायकेल फॅराडे यांनी १८६२ मध्ये पडताळून पाहिले होते, परंतु त्यांच्या उपकरणांची विभेदनक्षमता अपुरी असल्याने त्यांना काहीच आढळले नाही. लायडन येथे १८९६ मध्ये झीमान यांनी अंतर्वक्र विवर्तन जालक वापरून हाच प्रयोग पुन्हा केला. विद्युत् चुंबकाच्या ध्रुवांमधील ज्योतीत सोडियम असताना प्रवाह सुरू करताच त्याच्या डी-रेषा रुंदावल्या व प्रवाह बंद करताच पूर्ववत झाल्या. ज्योतीच्या तापमानातील वा घनतेतील बदलामुळे असे होत नाही, याची खात्री त्यांनी चिनी मातीच्या बंद नळीतील सोडियम वाफेच्या शोषणरेषा तपासून करून घेतली.

स्पष्टीकरण : एच्. ए. लोरेन्ट्स यांच्या मते अणूतील विद्युत् भारित कणाच्या कंपनामुळे प्रकाश उत्पन्न होतो. क्षेत्राच्या दिशेतील कंपनावर क्षेत्राचा परिणाम होत नाही. क्षेत्राला लंब प्रतलातील परस्परविरुद्ध वर्तुळाकार गतींपैकी एकीची कंप्रता वाढते व दुसरीची घटते. म्हणून क्षेत्राला लंब दिशेने पाहिल्यास रेषीय ध्रुवित असे तीन घटक, तर क्षेत्राच्या दिशेने पाहिल्यास विरुद्ध दिशांनी वर्तुळाकार ध्रुवित असे दोनच घटक दिसावेत. झीमान यांना रेषांच्या कडांचे ध्रुवण याप्रमाणेच आढळले. विभाजनाच्या परिमाणावरून कणाच्या विद्युत् भाराचे वस्तुमानाशी असलेले गुणोत्तर काढता आले. ते हायड्रोजन आयनाच्या गुणोत्तराच्या हजारपटींहून अधिक होते आणि जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये ऋण किरणांवरून काढलेल्या मूल्याशी जुळणारे होते. अणूत इलेक्ट्रॉन असतो याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. झीमान व लोरेन्ट्स यांना १९०२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

असंगत परिणाम : अनेक रेषा तीनांहून अधिक घटकांत विभागतात, असे टॉमस प्रेस्टन यांना लवकरच आढळले. सोडियमाच्या डी-रेषांपैकी एकीचे चार व दुसरीचे सहा घटक होतात. लोरेन्ट्स यांच्या सिद्धांताने याचा उलगडा होईना, म्हणून यास ‘असंगत’ हे विशेषण लागले. जॉर्ज उलेनबेक व सॅम्युएल गौडस्मिट यांनी १९२५ मध्ये इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची कल्पना मांडल्यावर कोडे सुटले. परिवलनामुळे इलेक्ट्रॉनाला स्वतःचे चुंबकीय परिबल असते. एकूण कोनीय संवेगाचा पुंजांक J असलेली ऊर्जा पातळी चुंबकीय क्षेत्रात २J + १ पातळ्यांत विभागते व त्यांमधील अंतर पातळीपरत्वे निराळे असते. त्यामुळे घटकांची संख्या वाढते. एकूण परिवलन शून्य असेल, तेव्हाच तीन घटकांचा ‘सामान्य’ परिणाम मिळतो; म्हणजे वस्तुतः असंगत परिणामच सर्वसाधारण होय. क्षेत्र अतिप्रबल झाल्यास परिवलन व कक्षीय गती यांचे युग्मन तुटते व पाशेन–बाक परिणाम दिसतो.

उपयोग : जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये सौर डागांच्या वर्णपटातील रेषांच्या विभाजनावरून तेथे हजारो गौस तीव्रतेची चुंबकीय क्षेत्रे असल्याचे दाखविले. पृथ्वीबाहेरील चुंबकीय क्षेत्राचे ते पहिलेच मापन होय. सूर्य व इतर तारे यांच्या क्षेत्रांचे मापन आजही मुख्यतः याच परिणामावर आधारलेले आहे.