भराव टाकला, पाणी कुठे गेले?

दोन सारखी घमेली घ्या. एकात चार मोठे दगड ठेवा, दुसरे रिकामेच असू द्या. आता दोन्हींत सारखे पाणी ओता. दगडांच्या घमेल्यातले पाणी आधी काठावरून सांडेल. "यात काय नवल?" असे तुम्ही म्हणाल. पण हाच प्रयोग आपण मुंबईत एका खाडीवर केला आहे.

मिठी नदी विहार तलावाजवळ उगम पावून माहीमच्या खाडीला मिळते. मुखाजवळ तिवरांची दाट वने आणि चिखलाची सखल, पसरट जमीन होती. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या मोठ्या भागावर भराव पडला. आजचे वांद्रे-कुर्ला संकुल अशाच दलदलीच्या जमिनीवर उभे आहे. अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला तो शब्द पटत नाही. जी जमीन दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत घेते आणि दोनदा बाहेर सोडते, ती पडीक कशी?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. (त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३!) थोडे गणित करू. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ९४४ मिलिमीटर पाणी म्हणजे ९,४४० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटरचे ९४४ टँकर. आणि १ हेक्टर दलदलीवर १ मीटर भराव टाकला, तर किती टँकरांची जागा गेली? पूर्ण १,००० !

चाणाक्ष विद्यार्थी येथे हरकत घेईल: भरतीच्या वेळी ती जागा समुद्रानेच व्यापलेली नसते काय? खरे आहे. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरची भरती होतीच. पण पाण्याला पसरायला दुप्पट क्षेत्र मिळाले, तर पातळी निम्मीच चढते. अरुंद झालेल्या पात्रात ती झपाट्याने चढते आणि पाणी वस्तीत शिरते. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जडच गेला असता. मुंबईची जुनी गटारे तर ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. तरी पाण्याची हक्काची जागा आपणच कमी केली होती, हेही तितकेच खरे. त्या पुरात शेकडो माणसे दगावली.

भरावाचा दुसरा परिणाम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भरतीला दलदलीत साठलेले पाणी ओहोटीला जोराने बाहेर पडते आणि जाताना खाडीच्या मुखातला गाळ ओढून नेते. म्हणजे खाडी स्वतःच स्वतःला झाडून काढते, तेही फुकट! साठाच कमी झाला की ओहोटीचा प्रवाह मंदावतो. प्रवाहाचा वेग निम्मा झाला, तर त्याची गाळ वाहण्याची ताकद निम्म्याहून कितीतरी खाली येते. गाळ बसतो, मुख उथळ होते, आणि पुढच्या पुराला बाहेर पडायचे दारच लहान होते. मग तोच गाळ यंत्रांनी, पैसे मोजून काढावा लागतो.

तुमच्या गावाजवळ खाडी असेल, तर शिक्षकांना बरोबर घेऊन काठावरून हे पाहा. पाण्याजवळच्या एखाद्या खांबावर भरतीच्या वेळी पातळी कुठवर आली आणि ओहोटीला कुठवर उतरली, ते नोंदवा. दोहोंतील फरकाला ओल्या जमिनीच्या क्षेत्रफळाने गुणा. उतार सोडून दिला, तर येणारा आकडा त्या 'पडीक' जमिनीचे एका भरतीतले काम अंदाजे सांगेल.