खडूच्या टेकड्यांतून आलेली नदी

जूनमधली सकाळ आहे. इंग्लंडमधल्या विंचेस्टर शहरातल्या जुन्या पाणचक्कीखालून इचन नदी फेसाळत बाहेर पडते आणि थोडं पुढे गेल्यावर तिचा आवाज ओसरतो. मी काठाकाठाने दक्षिणेकडे चालते आहे. पाणी इतकं नितळ आहे की तळाचा गोटा न् गोटा दिसतो. वॉटर क्रोफूट या पाणवनस्पतीच्या हिरव्या बटा प्रवाहात लांबवर पसरल्या आहेत. त्यांची पांढरी फुलं पाण्याबाहेर डोकावताहेत. त्यांच्या आडोशाला एक तपकिरी ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी थांबला आहे. शेपटी तेवढी हलते. वरून एक मेफ्लाय वाहत येते. मासा वर येतो, पाण्यावर वर्तुळ उमटतं, माशी दिसेनाशी होते.

मी वाकून पाण्यात हात घालते आणि बोटं गारठतात. बाहेर ऊन असलं तरी जमिनीतून वर येताना हे पाणी बाराही महिने साधारण १० अंशांवर असतं. इथल्या हॅम्पशर परगण्यातल्या टेकड्या खडूच्या, सच्छिद्र. हिवाळ्यातला पाऊस त्यांत मुरतो, गाळला जातो आणि चेरिटन गावाजवळच्या झऱ्यांतून बाहेर येतो. तिथून इचन आधी उत्तरेला, मग पश्चिमेला, मग दक्षिणेला वळते आणि साउथहॅम्प्टनजवळ खाडीला मिळते. जगात अशा खडूतून उगवणाऱ्या नद्या मोजक्याच, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्ये.

शहर मागे पडतं. डावीकडे सेंट कॅथरिनची टेकडी, समोर सेंट क्रॉसकडे जाणारी ओलसर कुरणं. १८१९ च्या सप्टेंबरात कवी कीट्स इथेच फिरायचा. शरदावरची त्याची प्रसिद्ध कविता त्याच दिवसांतली. काठच्या लव्हाळ्यांत खुडबुड होते. आखूड कानांचा, बोथट नाकाचा पाणउंदीर गवताचा देठ पुढच्या पायांत धरून कुरतडतो आहे. माझी चाहूल लागताच तो डुबकन पाण्यात शिरतो. पाणमांजरंही या नदीत आहेत, पण ती बहुतेक रात्रीची बाहेर पडतात.

पुढच्या वळणावर मात्र तळाचे गोटे तपकिरी थराखाली झाकले गेले आहेत. शेतांतून वाहून येणारी माती आणि खतं, सांडपाण्यातला फॉस्फरस यांनी असे थर साचतात. सामन मासे आपली अंडी गोट्यांच्या फटींत घालतात. फटी बुजल्या की वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी अंड्यांपर्यंत पोचत नाही. त्यात प्रवाह रोडावला, तर गाळ वाहून जाण्याऐवजी तिथेच बसतो.

आणि प्रवाह रोडावण्याचं एक कारण घराघरांत आहे. या भागातल्या नळांना येणारं पाणी याच खडूतून आणि याच नदीतून उपसलं जातं. त्यामुळे इचन जपायची तर काठ झाडून भागणार नाही; टेकड्यांत मुरलेलं पाणी पुरेसं टेकड्यांतच राहू द्यायला हवं. उन्हाळ्यात इथल्या घरांत जेवढं पाणी वाचेल, तेवढं या ट्राउटच्या वाट्याला येईल.