ओट्यावरचा रावण

जव्हारला येणारे बहुतेक जण जयविलास राजवाडा पाहतात, दाभोसा धबधब्यावर जातात, सनसेट पॉइंटला थांबतात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. राजवाडा पाहावाच. मुकणे राजांचं जव्हार संस्थान चौदाव्या शतकापासूनचं, १९४८ साली विलीन झालेलं. पण या मुलखाचा दरबार मला भेटला तो गावाबाहेरच्या एका कौलारू घराच्या ओट्यावर. गणपती, नरसिंह, महिषासुर, दहा तोंडांचा रावण असे सगळे ओळीनं उन्हात वाळत पडले होते.

हे बोहाड्याचे मुखवटे. होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या गावागावांत बोहाडा रंगतो. मशाली पेटतात, संबळ आणि सनई सुरू होते, आणि एकेक सोंग नाचत पुढे येतं. पुष्कळ घरांत ठरावीक सोंग बापाकडून मुलाकडे आलेलं असतं. मोखाड्याचा बोहाडा जगदंबेचा. देवी आणि महिषासुराची लढाई पाहण्यासाठी माणसं पहाटेपर्यंत बसून असतात.

पूर्वी मुखवटे लाकडाचे असत. रात्रभर नाचणाऱ्याच्या मानेला ते वजन भारी पडे. आता बहुतेक ठिकाणी कागद आला आहे. ओट्यावरचे मुखवटे घडवणारे त्या घरातले बाबा. त्यांचा साचा मातीचा. त्यावर आधी नुसता ओला कागद, मग खळीत भिजवलेल्या रद्दीचे थर. एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा चढत नाही, म्हणून पावसाळ्यात काम जवळजवळ बंदच. मी रावण उलटा करून पाहिला. गालाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना अजून वाचता येत होता. बाहेरून मात्र लाल रंग, वर वळवलेल्या मिशा. डोळे तेवढे कोरे.

“डोळे शेवटी,” बाबा म्हणाले. “डोळे काढले की तो बघाया लागतो.”

कॅमेरा काढला तसे ते आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि मुखवटा छातीशी धरून ताठ उभे राहिले. तो फोटो मी तसाच घेतला. फोटो असाच असतो, हे त्यांचं मत, आणि घरच्यांनाही असाच हवा असतो. मग ते कामाला बसले. फ्लॅश वापरला नाही. दारातून येणारा उजेड पुरेसा होता. बोटांवर सुकलेली खळ आणि कुंचल्याच्या टोकाशी रोखून धरलेला श्वास त्यात नीट दिसला. मुखवटा जरा तोंडाला लावाल का, असं मी विचारलं. ही माझी चूक झाली. “पूजेबिगर नाय लावायचा,” एवढंच ते म्हणाले. पूजा झाली की ते सोंग देव असतं, कॅमेऱ्यापुढे धरायची वस्तू नसतं.

त्यांच्या घरात भिंतीवर बाबांचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. इतके लोक येऊन टिपून गेले, छापील प्रत कुणी पाठवली नाही. मी तीन फोटो कागदावर छापून पोस्टानं पाठवले आहेत. तुम्ही जव्हारला गेलात तर आधी विचारून फोटो काढा, जमलं तर एक मुखवटा विकत घ्या, आणि परतल्यावर प्रत नक्की पाठवा.