नीरेचे पाणी किती स्वच्छ? ‘बीओडी’ काय सांगतो

खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नीरा भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला. त्यामुळे शिरवळला पाणी बिघडले, तर प्रश्न एका तालुक्यापुरता राहत नाही.

दर्जा कसा ठरतो? सांडपाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू म्हणजे ‘बीओडी’. आंघोळीयोग्य पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. घाण वाढली की प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालांनुसार देशातील प्रदूषित नदीपट्टे २०१८ मध्ये ३५१ होते, ते २०२२ मध्ये ३११ झाले. महाराष्ट्रात मात्र ते ५३ वरून ५५ वर गेले.

पावसाळ्यात पुराच्या पाण्याने घाण विरळ होते. नदीची खरी परीक्षा उन्हाळ्यात, प्रवाह आटल्यावर होते. आकडा पाहताना महिनाही पाहा.