एकटीचे 16,000

पहाटे साडेपाच. खोलीत एकच शेगडी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर. नोव्हेंबर लागला तरी आंघोळीचं पाणी तापवत नाही, कारण गॅस स्वयंपाकाला पुरवायचा असतो. वरण एका वाटीचं करा नाहीतर चार वाट्यांचं, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्याच होतात. खोलीला भाडं तेवढंच, विजेच्या मीटरचा स्थिर आकार तेवढाच. एकट्या माणसाला थोडकं लागतं असं लोक सहज म्हणतात. देवळीत खोली घेऊन राहायला लागले तेव्हा कळलं की बरेच खर्च माणसं बघून येतच नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. घर बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरकडे. तिथं जायचं तर अख्खा दिवस मोडतो. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून 2024 मध्ये नेमणूक झाली आणि वर्धा जिल्ह्यातला हा देवळी तालुका मिळाला. मानधन महिन्याला 16,000. महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही. तीन वर्षं अशी काढली की नियमित वेतनश्रेणी, जिथं मूळ वेतनच 29,200 पासून सुरू होतं. माझ्या आधीच्यांनी हेच काम 6,000 मध्ये केलं आहे. 16,000 हा आकडा जानेवारी 2023 पासूनचा. म्हणून तक्रार करताना जीभ जरा अडखळते.

सकाळी आठ. डबा भरून झाला की वही उघडते. भाडं 3,000. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून 4,500. बस, फोन, वीज 1,500. घरी 5,000. उरतात 2,000, त्यातले 1,000 पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. महिन्याला 25,000 पर्यंत कमावणाऱ्या बायांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. माझ्यासोबत लागलेल्या सरांचे 200 कापले जातात, ते माझे वाचतात.

साडेनऊला बसस्टँड. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं ते मार्च 2023 मध्ये. पूर्ण तिकिटाच्या दिवसांत ही नोकरी करणाऱ्या बाया कशा जात असतील, हे मी रोज कंडक्टरला पैसे देताना मनात आणते. वर्धा-यवतमाळ रस्त्यानं गाडी निघाली की दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. फाट्यावर उतरून पुढं चालत.

साडेदहाला परिपाठ. आज चौथीतली चार पोरं गैरहजर. कापूस वेचायला आईसोबत गेली असणार. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातला प्रत्येक हात मोजला जातो. त्यांना बोलवायला मी मधल्या सुट्टीत वस्तीवर जाते. रागावत नाही. उद्या दोन तास तरी पाठवा, एवढं मागते. दोघं येतात बहुतेक.

दुपारी दीड. पोषण आहाराची खिचडी वाढून झाली. शिजवणाऱ्या ताईंचं मानधन महिन्याला 2,500. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "तुमाले काय मॅडम, एकटा जीव. सोळा हजार कुठं ठेवता बाप्पा?" त्यांना माझी वही दाखवायची हिंमत होत नाही. त्यांच्या 2,500 पुढं माझी कुठलीही ओळ चैनीचीच दिसेल. पण "एकटा जीव" मात्र दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

मी खरंच एकटी आहे का? दिल्लीत 1957 मध्ये पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली आणि किमान वेतन कसं ठरवावं याचं माप तिथं घातलं गेलं. कमावणारा एक, जोडीदार 0.8, दोन मुलं 0.6 प्रमाणे, असे मिळून तीन घटक. मोठ्या माणसाला दिवसाला 2,700 उष्मांक, चौघांच्या घराला वर्षाला 72 यार्ड कापड, वर घरभाडं, इंधन, दिवाबत्ती. पुढं 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यासाठी आणखी 25 टक्के जोडायला सांगितलं. हे माप माणुसकीनं केलेलं आहे, मला ते फार मोलाचं वाटतं. तरी त्यात कमावणाऱ्याचे आईबाप नाहीत. माझ्या घरी सोयाबीनवर जगणारे आईबाबा आहेत, शिकणारा भाऊ आहे. माझं लग्न झालेलं नाही, मुलं नाहीत. त्या मापात मी एक घटक. वहीत मात्र 5,000 ची ओळ भाड्याच्याही वर आहे. आमच्या शाळांमध्ये अशा एकट्या पुष्कळ आहेत.

पाच वाजता शाळा सुटते. बस उशिरा आली, देवळीत उतरेतो दिवे लागले होते. बाजारातून पालक, आलू आणि सांभार घेतला. वांगी घेतली नाहीत.

थोडक्यात भागवण्याचा विषय निघाला की या जिल्ह्यात विनोबांचं नाव येतंच. डिसेंबर 1932 मध्ये ते वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेले आणि सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यावर जगायचा प्रयोग त्यांनी केला. पुढं 1935 मध्ये गांधीजींनी कातणाऱ्या बायांना आठ तासांचे आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला, तो याच वर्ध्याच्या वातावरणात. विनोबा 1938 मध्ये पवनारला आले तेव्हा त्यांचं वजन 88 पौंडांपर्यंत उतरलं होतं. त्याचं कारण केवळ मजुरी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रयोगाकडे मी काटकसरीचा धडा म्हणून बघत नाही. कातणाऱ्या बाईला प्रत्यक्ष किती मिळतं हे स्वतःच्या अंगावर घेऊन तपासणं, हे त्यातलं मोठेपण. त्यातून दर वाढवण्याची मागणी पुढं आली पाहिजे. ती बाई अजून कमी खाऊ शकते हा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

रात्री आठ. भावाचा फोन. परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, 1,100 लागतील. या महिन्याचे शिल्लक 1,000 दाढेच्या रूट कॅनालमध्ये आधीच गेलेत, त्यावर उसनेही झालेत. पुढच्या आठवड्यापर्यंत थांब म्हणाले. तो लगेच "चालते ताई" म्हणाला, आणि त्याचं ते लगेच म्हणणंच मला लागलं. ज्या महिन्यात काही घडत नाही, त्या महिन्यात 16,000 पुरतात. दाढ दुखली नाही, कुणाचं लग्न निघालं नाही, पंखा बिघडला नाही, तर पुरतात. मी उपाशी नाही, छत आहे, बाईला सुरक्षित अशी खोली आहे. "पुरतं का" या प्रश्नाला लोक एवढ्यावरच हो म्हणतात. माझ्या मते उत्तर द्यायचं ते काही घडलेल्या महिन्यावरून, आणि वर्षात तसे महिनेच जास्त असतात.

नऊ वाजता घरमालकीण काकू दारात. "मॅडम, जानेवारीपासून तीनशे वाढवा लागते. समद्याचंच वाढवलं." मी म्हटलं, "काकू, माझं मानधन 2027 पर्यंत तेवढंच आहे." त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, त्यांच्या गुडघ्याच्या औषधांचा महिन्याचा खर्च सांगितला. तो माझ्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त निघाला. मग मी दोनशे म्हटलं, त्या अडीचशेवर आल्या. शिलकीच्या ओळीत 1,000 होते, तिथं जानेवारीपासून 750 लिहून ठेवले.