सुरी गरजेची की सोयीची?

अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही सरकारी रुग्णालये वऱ्हाडातील घराघरास ठाऊक आहेत. अडलेल्या कित्येक माता तेथे शस्त्रक्रियेनेच वाचल्या. तेव्हा 'सिझेरियन' सरसकट निंद्य, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांतील २५ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. देशभरात सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४, तर खाजगीत ४७! बाळंतवेणा काही इमारत पाहून बदलत नाहीत. मग ही तफावत कशाची?

एकट्या डॉक्टरांच्या लोभावर बोट ठेवणे सोपे, पण अपुरे होय. नैसर्गिक प्रसूतीसाठी रात्र जागावी लागते; शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते आणि बिलही मोठे होते. त्यात खटल्याचे भय. पहिली खेप शस्त्रक्रियेची, की दुसरीही बहुधा तशीच. आणि आपण सुशिक्षित? कळांना भिऊन, पंचांगातला मुहूर्त काढून आपणच सुरी मागतो. तिकडे मेळघाटातील अडलेल्या बाईला मात्र त्याच सुरीसाठी अनेकदा घाट उतरून अमरावती गाठावी लागते.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपले आकडे दर्शनी फलकावर लावावेत, शस्त्रक्रियेचे कारण लेखी द्यावे; सरकारने साधी बाळंतपणे प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती सोपवावीत. सुरी गरजेने चालावी, सोयीने नव्हे.